एक साखळी तुटणारच

ये गो, अशी जवळ सरक. कागदावरच का होईना, पण सरक. म्हशाच्या जत्रेला येते म्हणालीस, आली नायस. होळीला येते म्हणालीस, तेव्हापण नाय. आत्याला काय आता फोनमध्येच भेटायचं? तुझ्या बापाला विचारलं, तर माझा भाऊच तो, तुझीच बाजू घेणार. "कामात आहे गो ती," म्हणतो. कामात आहेस ते मला ठाऊक आहे. त्या कामाचंच तर सांगायचंय.

तुझं काम मला पहिल्यांदा कळलं ते माझ्या लेकाच्या हळदीत. दारात मांडव, नवरदेव पिवळाधमक होऊन पाटावर बसलेला. तुझ्याच ओळखीनं त्याला जहाजावर स्वयंपाक्याची नोकरी लागली होती. ते जहाज बंदरात येत नाय, समुद्राखालचं तेल काढायला भर समुद्रात एका जागी बांधलेलं असतं, आणि कसं बांधायचं ते तुमच्या हापिसानं ठरवलेलं.

आमच्या ह्यांनी तुला डिवचलं. "एवढी शिकलीस, आणि जहाजाला दावं बांधतेस होय गो?"

"हो आत्तोबा, दावंच. बैल जरा मोठा आहे एवढंच."

मांडवात हशा. मग तू सांगायला बसलीस. खळ्यात बैल मेढीभोवती फिरतो ना, तसं जहाज नाकापाशी बांधायचं, म्हणजे वारा फिरला की तेपण फिरतं. साखळ्या ताठ ओढायच्या नायत, सैल सोडायच्या. निम्मी साखळी समुद्राच्या तळाशी लोळत पडते. लाट आली की उचलते, लाट गेली की परत बसते. मला वाटायचं, जेवढं आवळून बांधावं तेवढं घट्ट. आयुष्यभर गवताचे भारे बांधले, दुसरं काय वाटणार?

"आणि वादळ केवढं धरता?" ह्यांनी विचारलं.

"शंभर वर्षांत एखादं येईल तसलं. आणि त्यातपण आम्ही धरून चालतो की एक साखळी तुटणारच."

माझ्या हातातली हळदीची वाटी तशीच राहिली. लेक समोर पाटावर, आणि ही असं बोलते! मी ओरडलेच, "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!" लगेच मीठमिरच्या आणून त्याच्यावरून ओवाळल्या.

तू हसलीस, उठलीस, आणि मांडवाच्या एका खांबाची दोरी सरळ सोडून टाकलीस.

"ओ ताई, काय करता!" मांडववाला धावला.

"पडला का?" तू मलाच विचारलंस. मांडव जरा कलला, पण उभा होता.

पुढच्या साली पावसाच्या तोंडावर समुद्रात वादळ उठलं. लेक जहाजावर, सून पोटुशी, फोन लागेना. शेजारपाजारच्या बाया येऊन बसल्या. जी ती म्हणे, काय होत नाय, देव आहे. सून कोणाकडे बघेना, नुसती पोटावर हात ठेवून बसलेली. शेवटी मी तुला फोन लावला.

तू "काय होत नाय" म्हणाली नायस. तू म्हणालीस, "आत्या, एक साखळी तुटलीय. हापिसात कळलंय आम्हाला. बाकीच्यांनी जहाज धरलंय. एक तुटल्यावर बाकीच्यांवर किती ओढ येणार, ते आधीच बघून ठेवलंय."

इतक्या जणींच्या धीरानं जे झालं नाय, ते तुझ्या त्या अभद्र बोलण्यानं झालं. मी सुनेला जसंच्या तसं सांगितलं. हळदीला तू दोरी सोडलीस तरी मांडव उभा राहिला, तेपण सांगितलं. तिनं पहिल्यांदा पाणी मागितलं.

वादळ सरल्यावर लेकाचा फोन आला. म्हणे, "आई, मोठं पातेलं चढवलंय. कोणी नीट जेवलं नाय इथं, खिचडी टाकतोय." मी फोन धरून रडले आणि खिचडीत मीठ बेतानं घाल म्हणून सांगितलं. दुसरं काय सुचणार?

आता पेंढ्याची उडवी रचली की मी स्वतःच म्हणते, ही दोरी तुटणारच, अजून एक बांधा रे. आमचे हे कपाळाला हात लावतात. "भाची जहाजाला दावं बांधते, आणि आत्या लागली आमच्या मागं!"

तुझे उपकार मानले तर तू चिडशील, म्हणून मानत नाय. पण लेक घरी आलाय, बाळ त्याच्या मांडीवर आहे, आणि अजून त्याला नाव नाय. नाव आत्यानं ठेवायचं असतं. माझ्या लेकाला सख्खी बहीण नाय, म्हणजे आत्या तूच. पाळणा आढ्याला टांगलाय. दोऱ्या ह्यांनी बांधल्यात, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नाय. आटगावला उतर, रिक्षा मिळते. एक दोरी तुटणार असं धरून पाळणा बघून घे, बाळाच्या कानात नाव सांग. लवकर ये गो.