नाचकोबेडी

नागोजीरावांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका लग्नात. सगळे नवरानवरीवर अक्षता टाकत होते आणि हे गृहस्थ छत्राच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, मागच्या अंगणात उभे होते. आचाऱ्याने चुलीवर साराचं मोठं पातेलं चढवलं होतं. शाळेतला मुलगा दुसऱ्याच्या नव्या सायकलीकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने ते त्या चुलीकडे बघत होते. आचारी पाणी आणायला वळला. नागोजीरावांनी पटकन वाकून चुलीतलं एक लाकूड ओढून बाजूला टाकलं, हात झटकले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पंगतीला जाऊन बसले.

पुढे आम्ही शहराबाहेर हिनकलला घर बांधलं, तर शेजारी तेच. रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी, पणजोबा महाराजांच्या घोडदळात, बायको गिरिजाबाई, एकुलती मुलगी शैलजा लग्न होऊन बेंगळुरूला. गल्लीतले सगळे मला टीचर म्हणतात, तसे तेही म्हणू लागले.

त्यांना हेवा वाटायचा आणि तो लपवता यायचा नाही. समोरच्या चिदंबरच्या पेरूला आधी फळ धरलं, की हे आपल्या पेरूला पाणी घालतानासुद्धा तोंड फिरवून उभे राहायचे. दुसऱ्याचं फार वाईट व्हावं असं मात्र त्यांच्या मनात कधी आलं नाही. आधी आपलं नाव निघावं, एवढंच त्यांना हवं असायचं. आणि एरवी ते फारसं निघत नसे. वर्कशॉपात साहेबाचं निघे, घरी पाहुणे आले की गिरिजाबाईंच्या हाताच्या चवीचं निघे.

त्यांचं नाव वर्षातून एकदाच निघायचं, डिसेंबरात. कृष्णराजनगरजवळ त्यांच्या चुलतभावाचं, भुजंगरावांचं, शेत आहे. भाताची कापणी झाली की आमच्या गल्लीतली पाचसहा घरं तिथे एका रात्रीच्या मुक्कामाला जायची. रिकाम्या शेतात सतरंज्या टाकायच्या, मधे आग पेटवायची आणि त्या आगीवर नागोजीरावांनी मटण करायचं. पणजोबा मोहिमेवर असंच करत, असं ते म्हणायचे. त्या आगीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. फुंकर घालायचे तेच, लाकूड सरकवायचे तेच. गिरिजाबाई मागे उभ्या राहायच्या. ते न वळता हात मागे करून म्हणायचे, "मीठ." त्या हातावर ठेवायच्या.

मटण उशिरा व्हायचं. मुलं कुरकुरायची. "बंतु, बंतु, आलंच," असं ते सांगत राहायचे. शेवटी रागीच्या मुद्द्यांबरोबर, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबर, ते पानात पडलं, की सगळे एका आवाजात म्हणायचे, "नागोजीराव, तोड नाही!" हे ऐकताना ते कुणाकडेच बघत नसत, आगीकडे बघत. तेवढ्यावर त्यांचं पुढचं वर्ष निघत असावं.

दहाएक वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात शैलजा मुलांना घेऊन आली होती. तिने नाचोची मोठी पाकिटं आणली होती. मक्याचे तिकोनी, कुरकुरीत पापड म्हणा ना. सोबत किसलेलं चीज. काळोख पडला तरी मटण शिजलं नव्हतं आणि मुलांनी रडायला सुरुवात केली.

"अगं, आण ती पाकिटं इकडे," गिरिजाबाई म्हणाल्या.

मुलीच्या घरी गॅसवर त्यांनी ते होताना पाहिलं होतं. लोखंडी कढई घेतली. तळाला पापडांचा थर, त्यावर दुसऱ्या दिवशीच्या उप्पिटासाठी उकडून आणलेले अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, मग कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, वर चीज. पुन्हा तसाच थर. आणि मग त्यांनी ते केलं. उलथनं घेतलं आणि नागोजीरावांच्या आगीतून निखारे ओढून काढले.

"ए, ए! काय चाललंय?"

"मुलं भुकेली आहेत हो."

"माझी आग विझेल!"

"तुमची आग आहे तिथेच आहे. मी सुम्ने, उगी आपले, चार निखारे घेतले."

कढई निखाऱ्यांवर बसली, वर झाकण, झाकणावर दोन निखारे. बघता बघता चीज विरघळल्याचा वास सुटला. झाकण काढलं तर वरून पिवळं, कडेने थोडं करपलेलं. मुलं ओढून ओढून खाऊ लागली, चीजच्या तारा हनुवटीवर आल्या.

भुजंगरावांच्या आई, भवानीबाई, मराठीपेक्षा कन्नड जास्त बोलायच्या. "काय रे ते?" त्यांनी नातवाला विचारलं.

"नाचो, अज्जी."

त्यांना 'नाचको' ऐकू आलं. कन्नडात त्याचा अर्थ 'लाजून घे'. त्या खुदकन हसल्या. "लाजायचं कशाला? नाचकोबेडी!" म्हणाल्या आणि ताटलीतून मूठभर उचललं. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करताना हेच म्हणतात, नाचकोबेडी, लाजू नका. मग काय, ताटली ज्याच्यापुढे जाई त्याला सगळे मिळून ओरडू लागले, "नाचकोबेडी!" चिदंबरने तर तीनदा लाज सोडली. "गिरिजाबाई, तोड नाही!" तो म्हणाला.

मी नागोजीरावांकडे पाहिलं. हातात लाकूड तसंच होतं. ते घालायचं की काढायचं हे त्यांना आठवत नव्हतं.

मटण झालं तेव्हा सगळ्यांची पोटं भरलेली होती. "साकु, नागोजीराव, पुरे," जो तो म्हणाला. मटण छान होतं. पण छान असणं पुरेसं नसतं, भूकही लागते. त्यांना कुणीतरी ताटलीतला शेवटचा नाचो दिला. त्यांनी तो कुत्र्याला घातला.

घरी आल्यावर महिनाभर त्यांनी त्या शेताचं नाव काढलं नाही. गल्लीतली मुलं मात्र गिरिजाबाई दिसल्या की ओरडायची, "नाचकोबेडी आज्जी!" तेव्हा नागोजीराव पेपर एवढा उंच धरायचे की त्यांचं टक्कलही दिसू नये.

मग एका दुपारी गिरिजाबाई भजनाला गेलेल्या असताना त्यांच्या गच्चीवरून धूर येऊ लागला. मी घाबरून वर गेले. गच्चीवर तीन विटा, मधे निखारे, त्यावर झाकलेली कढई. शेजारी शैलजाचं उरलेलं पाकीट. नागोजीराव खालून आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून शांतपणे जिना चढत होते.

"अहो, जळतंय ते!"

"जळतंय कसं, टीचर? शिजायला वेळ नको?"

झाकण काढलं. आत कोळसा होता.

"मटण नाही हो ते," मी म्हटलं. "त्यात शिजायचं काही नसतंच."

"काहीच नसतं?" ते खाली बसले. "आणि त्याच्यासाठी एवढं कौतुक?"

मागे पायरीवर गिरिजाबाई उभ्या होत्या, हातात टाळ. त्यांनी कढई पाहिली, विटा पाहिल्या.

"कुणासाठी करत होतात?"

"कुणासाठी नाही." मग त्यांना राहवलं नाही. "इतकी वर्षं आग लावतो मी. डोळे लाल करून घेतो. आणि पोरं नाव कुणाचं घेतात? तुला घरी कौतुक मिळतंच की. ते एक माझं होतं, तेही घेतलंस."

गिरिजाबाईंनी टाळ कठड्यावर ठेवले. मला वाटलं आता त्या हसतील किंवा रडतील. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"मटणाला मसाला कोण वाटून देतं?"

त्यांनी झाकण परत कढईवर ठेवलं.

"कांदा? मुद्द्यांचं पीठ? इतकी वर्षं मी तुमच्या मागे मीठ घेऊन उभी राहिले. सगळे म्हणायचे, नागोजीराव, तोड नाही. मला काय वाटत असेल? तुम्हाला एकट्यालाच हेवा करता येतो होय?"

नागोजीरावांनी मान वर केली. बायकोकडे ते असे बघत राहिले, जणू कुणी नवीन माणूस गच्चीवर आलं आहे.

"तुलाही?" त्यांनी विचारलं.

"मग! दरवर्षी."

"कधी बोलली नाहीस ते?"

"लाज वाटली," त्या म्हणाल्या. ते ऐकून मी जिना उतरले. माझ्यामागे नागोजीरावांचा आवाज आला, अगदी हळू, "नाचकोबेडी, गिरिजा," आणि मग कढई खरवडल्याचा आवाज.

यंदा नागोजीराव अठ्ठ्याहत्तरचे झाले. भुजंगरावांच्या शेतात डिसेंबरात आता दोन आगी पेटतात, एक त्यांची, एक गिरिजाबाईंची, आणि एकीचे निखारे दुसरीत जात नाहीत. मटण दुपारची जेवणं आटोपताच चढतं, म्हणजे नाचोच्या आधी होतं. मिठाचा डबा नागोजीराव स्वतः आपल्या आगीपाशी नेतात.