उवांचं औषध

धाकटीच्या तोंडाला फेस आला होता आणि थोरली तिला केसांना धरून न्हाणीकडे ओढत होती. मी धावत जाऊन थोरलीच्या थोबाडीत दिली. तिनं केस सोडले नाहीत.

"माय, तिना केसले साबण लाव! पहिले साबण लाव!"

त्या रविवारी सकाळी जावेनं कपाशीवर फवारायचं औषध गोडेतेलात कालवून धाकटीच्या डोक्याला चोळलं होतं. वर फडकं बांधलं होतं. उवा मराव्यात म्हणून गावातल्या कितीतरी बाया तेव्हा असं करायच्या. त्या डब्याला सगळे औषधच म्हणत, विकणारा दुकानदारसुद्धा.

सातवीतल्या थोरलीनं मात्र आपल्या डोक्याला हात लावू दिला नव्हता. "ते औषध नही, जहर शे. बाईनी शाळामा सांगेल शे. कातडीमाईन अंगमा जास."

"मास्तरीण व्हई गई का तू?" जाऊ हसली. "मंग पाळ उवा!"

मलाही पटलं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या मास्तरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. त्यात ही पोरगी कामचुकार. शाळेचं नाव काढलं की कापूस वेचायला जावं लागत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. शिवाय आदल्या दिवशीच रिबिनीवरून दोघी बहिणी भांडल्या होत्या. दुपारी धाकटी ओकायला लागली, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली, तेव्हा माझा संशय थोरलीवरच गेला. हिला आधीच कसं कळलं?

"काय दिधं तू तिले? खरं बोल!"

"काहीच नही दिधं. तू साबण लाव."

ती रडत नव्हती, त्यामुळे संशय वाढलाच. पण साबण लावून काही बिघडणार नव्हतं, म्हणून लावला. थोरली पाणी ओतत राहिली.

गावात एकच जीप होती. तिच्यातून पाचोऱ्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं पोरीनं?"

"हिले इचारा," मी थोरलीकडे बोट दाखवलं.

थोरलीनं दप्तर उघडलं आणि फवारणीचा डबा बाहेर काढला. डॉक्टरांशी ती शाळेतल्या मराठीत बोलली. "खाल्लं नाही. हे डोक्याला लावलं. बाईंनी सांगितलंय, डबा सोबत न्यायचा."

डॉक्टरांनी डबा वाचला आणि लगेच सुई भरायला सांगितली. हिनं डबा कधी उचलला, हे माझ्या डोक्यात तेव्हाही आलंच.

ते औषध उवांचं नाही, विष आहे, असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं. घरी आल्यावर मी जावेला तेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टर काहीबी सांगतस. थोरलीनीच तिले खावाडं व्हई काही."

ती अजूनही तेच म्हणते. मी वाद घालत नाही. थोरली आता जावेच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही.

धाकटी जगली.