दोन गच्च्यांमधली चादर

१३ एप्रिल, रविवार. काम बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं. भिजवलेली ज्वारी आदल्या दिवशी भरडून झाली होती. पहाटे अंगणात विटांची चूल मांडली आणि मोठ्या पातेल्यात घाटा शिजायला टाकला. लसूण, मिरची, तीळ, मीठ. घाटा घट्ट झाला की तो गच्चीवर न्यायचा, ओल्या जुन्या साडीवर ओल्या हाताने पातळ गोल थापायचा आणि उन्हात वाळू द्यायचा. एकट्या बाईच्या आवाक्यातलं हे काम नव्हे, म्हणून आमच्या गल्लीत पाळी लावतात. त्या दिवशी सगळ्या माझ्या गच्चीवर, दुसऱ्या दिवशी समोरच्या अक्कांच्या.

शेजारच्या वहिनींची मात्र यंदा पाळी नव्हती. दिवाळीनंतर त्यांचे यजमान, आमचे भाऊ, गेले. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात आमच्याकडे वर्षभर पापड, कुरडया, बिबड्या काही घालत नाहीत. शेजारीपाजारी आपल्यातलं नेऊन देतात, तेवढ्यावर वर्ष काढायचं.

वहिनींची आणि माझी गच्ची लागून आहे. मध्ये गुडघ्याएवढा कठडा. दर उन्हाळ्यात त्या पदर खोचून तो ओलांडून यायच्या आणि बसायच्या आधीच कोणाची तरी बिबडी वाकडी आहे म्हणून ओरडायच्या.

भाऊ गेल्यावर हिवाळाभर वहिनींना सावरायचं मी मनावर घेतलं होतं. रडणाऱ्या माणसाजवळ नुसतं बसणं मला जमत नाही. मी उपाय सांगते. उठल्याबरोबर अंथरुणाची घडी करून वर ठेवून द्या, म्हणजे पुन्हा आडवं व्हायचा मोह होत नाही. आंघोळ लवकर उरका. घरातच असलात तरी धुतलेली साडी नेसा. भाजी दारावर घेऊ नका, बाजारात जा, भाव करा. भाव करताना माणूस जागं होतं. संध्याकाळी मेहरूण तलावाकडे एक चक्कर मारा. आणि गच्चीवर उन्हात बसा. हे शेवटचं तर मी रोज सांगायचे. हे सगळे उपाय माझ्यावर चाललेले आहेत. आजही मन खचलं की मी स्वयंपाकघरातले डबे काढून घासते आणि संध्याकाळपर्यंत माणसात येते.

“हो गं मास्तरीणबाई,” वहिनी म्हणायच्या आणि कूस बदलायच्या.

मला राग यायचा. आपण सांगतो आणि ही बाई काही करतच नाही.

शनिवारी संध्याकाळी गच्ची झाडताना माझ्या मनात आलं, उद्या बायका येणार, हसणार-खिदळणार, आणि वहिनी पलीकडून बघणार. त्या आल्या तर? वर्ष व्हायचंय, कोणाला चालेल, कोणाला नाही. कोणी काही बोललं तर वहिनी पुन्हा महिनाभर उठायच्या नाहीत. मी खाली गेले, दुहेरी पलंगाची चादर आणली आणि कठड्यावरच्या कपड्यांच्या तारेवर ताणून बांधली. ऊन अडवायला, असं मी घरात सांगितलं. वहिनींचं घर आमच्या पश्चिमेला आहे. सकाळचं ऊन तिकडून येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

रविवारी सकाळी काम रंगात आलं होतं.

“ही बिबडी आहे का बैलगाडीचं चाक?”

“माझ्या नवऱ्याच्या तोंडाच्या मापाची केलीय. लहान पुरत नाही त्याला.”

“मग मापाला त्यालाच आणायचं होतं की इथे!”

हशा पिकला, आणि त्याच हशात चादरीची कड बाजूला झाली. वहिनी उभ्या होत्या. न्हाऊन आलेल्या, केस ओले, धुतलेली सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. हातात पाण्याची वाटी, थापताना बोटं बुडवायला घेतात ती.

 सगळ्या बायका थापायच्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. मी यजमानीण, मी “या” म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “वहिनी, ऊन फार झालंय हो. तुम्ही आत बसा. तुमच्या वाटणीच्या मी पाठवते.”

त्यांनी चादरीकडे बघितलं, तारेला मारलेल्या गाठींकडे बघितलं.

“उन्हातच बसायला आले होते,” त्या म्हणाल्या. “तूच रोज सांगतेस ना.”

चादरीची कड पुन्हा जागेवर पडली. पलीकडच्या जिन्याच्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

 मग एकीने घाटा मागितला, दुसरीने पाणी. मी मनात म्हटलं, बघ, कोणी एकीनेही त्यांना बोलावलं नाही. म्हणजे माझा अंदाज बरोबरच होता. या विचाराने मला जरा बरंसुद्धा वाटलं. आता ते आठवलं की हातातलं काम थांबतं माझं.

संध्याकाळी वाटीभर घाटा गरम केला, वर कच्चं तेल घातलं आणि वहिनींच्या दारात गेले. त्या अजून सकाळच्याच साडीत होत्या.

“हे काय?”

“घाटा. तुम्हाला आवडतो.”

“ठेव तिथे.”

“वहिनी, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...”

“मला वाईट वाटायचं आता राहिलंय काय?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “सकाळी तुमचं हसणं ऐकू आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपणहून उठावंसं वाटलं. वाटी शोधली. म्हटलं, चला.”

“बायका काय म्हणतील, असं मला वाटलं.”

“कोणती बाई?”

मी एकेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. एकीचंही नाव घेता येईना. वहिनींनी आत जाऊन दिवा लावला. बस म्हणाल्या नाहीत. मी घरी आले आणि ती चादर तारेवरून काढून धुवायला टाकली, जणू डाग चादरीलाच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे अक्कांकडे गेले. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. इतकी वर्षं जळगावात काढूनही अहिराणीच बोलतात. त्या घाटा ढवळत होत्या. मी पदर खोचायच्या आधीच विचारलं, “अक्का, वहिनींना बोलावलं तर तुम्हाला चालेल ना? त्यांचं वर्ष व्हायचंय अजून.”

अक्कांनी ढवळणं थांबवलं नाही. “वरीस तिना घरनं शे. मना घरनं का शे?”

“वर्ष तुमच्या घरचं नाही, तर मग काल तुम्ही कोणीच काही बोलला नाहीत ते?”

“फडकं तू बांधं ना व माय? आमले वाटनं, तुलेच ती नको शे. म्हनीसन बठ्ठ्या गप बसन्यात.” मग धुराने चुरचुरणारे डोळे पुसत म्हणाल्या, “जाय, बलाई लय तिले.”

 माझीच भीती मी गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या नावावर घातली होती, आणि त्या मात्र माझा मान राखून गप्प बसल्या होत्या. त्यांच्यातली एकही आडवी येणार नव्हती. आडवी आले होते मी, हिवाळाभर उपाय सांगणारी.

वहिनींचं दार वाजवलं. त्यांनी उघडलं. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, “काल कोणाचीच हरकत नव्हती. चादर मी बांधली होती, आणि उन्हासाठी नव्हती बांधली. बायकांचं नाव उगाच घेतलं मी. अक्कांनी तुम्हाला बोलावलंय.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माफ केलं असं काही त्या चेहऱ्यावर नव्हतं.

“अक्काचा घाटा उतरला का?”

“उतरायला आलाय.”

“मग इथे काय उभी आहेस? गार झाला तर थापला जायचा नाही. हो पुढे.”

मी पुढे झाले. थोड्या वेळाने त्या आल्या आणि माझ्याकडे पाठ करून अक्कांच्या शेजारी बसल्या. मी त्या दिवशी थापायला बसले नाही. खालून गरम घाट्याची पातेली वर आणून देत राहिले, आणि रिकामी झाली की खाली नेत राहिले.