मागच्या सीटवरचं वजन

सुकदेवला ऐकू येत नाही, हे सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. त्याची खोली माझ्या खोलीला लागून. एकदा त्याच्याकडचा कुकर शिट्यांवर शिट्या देत राहिला आणि हा स्टोव्हकडे पाठ करून विडी ओढत बसलेला. मी आत जाऊन स्टोव्ह बंद केला. तो दचकला, मग हात जोडून म्हणाला, "सोमाभाऊ, कोणले सांगू नको."

मी सांगितलं नाही. तसंही मी कोणाशी फारसं बोलत नसे. रेल्वेतून निवृत्त झालो त्याच वर्षी माझी बायको अंजना गेली होती.

सुकदेवनं चोवीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूम चालवले. त्या आवाजात कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही, सगळे ओठ बघूनच समजून घेतात. त्यामुळे कान कधी गेले ते त्याला स्वतःलाही उशिरा कळलं. धागा तुटला की पायाखालच्या फरशीतून त्याला समजायचं. पण एके दिवशी मुकादम मागून अगदी कानाशी येऊन 'बंद कर' म्हणून ओरडला, हा आपला चालूच, आणि अख्खा बीम, ताण्याच्या धाग्यांचा रूळ, वाया गेला. दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. बायको उषाबाई पारोळ्याकडे सासूच्या आजारपणात अडकलेली. तिला त्यानं यातलं काहीच कळवलं नाही.

गाड्यांचं काम तो सुट्टीच्या दिवशी शिकला होता. शहाण्णवच्या उन्हाळ्यात कळलं, पर्वत पाटियाजवळ गजेंद्रच्या गॅरेजात कारागीर हवा आहे. सुकदेव मला म्हणाला, "भाऊ, संगे चाल. त्यानं तोंड फिरवं तर माले काय समजी?"

गजेंद्र मूळचा आमच्याकडचाच, पण जन्म सुरतेचा. कोपऱ्यात धुळीनं माखलेली एक मोटारसायकल उभी होती. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "प्लेगच्या वेळी मालक पळाला गावाला. दीड वरस गाडी बंद. आता चालू होते, पण रेस दिली की अडखळते. दोन कारीगर थकले. बराबर केलीस तर उद्यापासून ये. नाही तर राम राम."

सुकदेवनं पेट्रोल काढून टाकलं. कुजकट वास सुटला. कार्बोरेटर उघडला तर आत डिंकासारखा थर. तो धुतला, ठिणगी देणाऱ्या पॉइंटवर चढलेला पांढरा गंज घासला, प्लग बदलला. गाडी चालू झाली. रेस देताच पुन्हा फट् फट् करत अडखळली. ते मला ऐकू आलं. सुकदेव मात्र सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून डोळे मिटून बसला होता.

"हा काय गाडीला दुवा देतोय का?" गजेंद्रचा एक कारागीर हसला. सुकदेवची त्याच्याकडे पाठ होती. मीही खाली बघत राहिलो.

मग त्यानं खिशातून आर्ट सिल्कचा एक धागा काढला. लूमवरच्या माणसाच्या खिशात धागा असतोच. चालू इंजिनाजवळ तो धागा लोंबता धरून हळूहळू फिरवत नेला. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडापाशी येताच धागा ओढला जाऊन रबराला चिकटला. दीड वर्षात रबर वाळून तडकलं होतं, तिथून हवा आत शिरत होती. गजेंद्रनं फळीवरून नवा जोड काढून दिला. तो बसवल्यावर गाडी एकसारखी चालू लागली.

"मस्त! आता हायवेपर्यंत एक राऊंड मारून ये," गजेंद्र म्हणाला.

सुकदेवचं तोंड उतरलं. पर्वत पाटियाच्या चौकात ट्रक, टेम्पो, रिक्षा, सगळे हॉर्नवर चालतात. मागून काय येतं ते त्याला कळणार नव्हतं, आणि नाही म्हणावं तर काम गेलं.

तो माझ्याकडे वळला. "भाऊ, मांगे बठ."

"या काकांना कशाला?" गजेंद्र म्हणाला.

"वजन लागस. रिकामी गाडी खोटं बोलस."

सगळे हसले. मी बसलो. कोपऱ्यावर गाडी थांबवून त्यानं खुणा ठरवल्या. हॉर्न डावीकडून आला की मी डाव्या खांद्यावर थोपटायचं, उजवीकडून आला की उजव्या. दोन्हीवर हात पडले की थांबायचं. आम्ही सुखरूप परत आलो आणि सुकदेवला काम मिळालं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी गॅरेजात जाऊ लागलो. दिवसभरात तयार झालेल्या गाड्या सुकदेव तेव्हाच फिरवून बघायचा, मी मागे. "वजन आलं रे," असं कारागीर म्हणायचे. मला राग यायचा नाही. कोणीतरी माझी वाट बघतंय, एवढंच मला पुरत होतं.

आणि मला एक सवय लागली. त्याला मागचं ऐकू येत नाही म्हणून मी त्याच्या पाठीशी बोलायला लागलो. अंजनाच्या शेवटच्या दिवसांबद्दल. आमचा मुलगा प्रदीप पत्र पाठवत नाही त्याबद्दल. कोणासमोर कधी बोललो नाही ते सगळं.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी मी असाच बोलत होतो. डावीकडून टेम्पोचा हॉर्न वाजला. मला ऐकू आला, पण हात उचलायला उशीर झाला. टेम्पो माझा गुडघा घासून गेला, पॅन्ट फाटली, रक्त आलं. सुकदेवनं गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ तो माझा गुडघा धरून बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गजेंद्रला स्वतःच सांगितलं, 'मला ऐकू येत नाही.' गजेंद्र चिडला, "अरे, सहा महिने उल्लू बनवलंस!" मग म्हणाला, "बसून काम कर. राऊंड दुसरा मारेल." सुकदेवचं काम टिकलं.

मी त्यानंतरही दोनदा गेलो. गाडी तयार झाली की तो हसणारा कारागीर एकटाच तिच्यावर बसून जायचा. मी बाकावर बसून चहा प्यायचो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सुकदेव हात पुसत समोर येऊन बसला, माझे ओठ दिसतील असा.

"सोमाभाऊ, तू मांगे बठीसन बोलत ऱ्हायना. माले पाठमा थरथर समजे. काय बोलत व्हता?"

मी कपातला चहा संपवला.

"काही नाही," मी म्हणालो. "असंच."

आतून गजेंद्रनं हाक मारली. सुकदेव माझ्याकडेच बघत होता. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं, आणि तो उठून गेला.