खंडेनवमी आणि उघडं सिलिकॉन

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी देवासच्या एका छोट्या डायोडच्या कारखान्यात उमेदवारी करत होतो आणि माझे पाय एका जागी ठरत नसत. खंडेनवमीला तर मन सकाळीच धारच्या बसमध्ये जाऊन बसलं होतं. घरी आई वाट पाहत होती. खिशात शेवेची पुडी. एक चिमूट तोंडात, एक नजर घड्याळावर.

त्या घाईत मी ओळींनी डायोड बसवलेला अख्खा साचा ॲसिडात बुडवला. ॲसिडानं सिलिकॉनच्या चकतीची कड लख्ख निघते, पण उघडी कड मोठी हावरी. हवेतला दमटपणा, हाताचा घाम, मिळेल ते ओढून घेते, आणि मग एकाच दिशेनं करंट सोडणाऱ्या डायोडमधून तो उलट्या दिशेनंही गळू लागतो. म्हणून तासाभरात तिच्यावर वार्निशचा थेंब बसवायचा आणि साचा भट्टीत भाजायचा. साचा धुऊन, वाळवून मी ऐटीत शेजारच्या खोलीत गेलो, तर वार्निशचा एकुलता एक ब्रश हत्यारांच्या पूजेच्या पाटावर, झेंडूच्या फुलाखाली!

"काकू, ब्रश!"

वार्निशचं काम करणाऱ्या काकू देवासच्या जुन्या घरातल्या. त्यांनी हळदीचं बोट सावकाश पुसलं. "पूजेला बसलाय. उद्या उत्तरपूजा झाली की उठेल."

"उद्या? साचा उघडा पडलाय! दसऱ्यानंतर मालक मीटर लावून गळती मोजणार. साचा गेला की माझी नोकरी गेली!"

"मग न विचारता घातलास कशाला रे भिया? बस पळून चालली होती?"

पळूनच चालली होती. मी खोलीभर येरझारा घालू लागलो. शेवटी काकूंनी करंड्यातली कुंकवाची काडी काढली. "ही पूजेत नाही." मी ती झडपली आणि धुवायला थेट ॲसिडाकडे धावलो.

"मेल्या, चांदीची आहे! विरघळवतोस काय?"

मग ती स्पिरिटनं पुसली, शुद्ध पाण्यात उकळली. भट्टी सकाळपासून तापलेलीच होती. "अग्नी काय पूजेसाठी विझवतात?" हा निकालही काकूंचाच.

टिकली रेखावी तसा त्या एकेक थेंब ठेवू लागल्या. इतक्या सावकाश, की मला पाहवेना. "शेवटची ओळ मी करतो," म्हणत मी काडी घेतली, बोटांनी डायोड सरळ करत करत ओळ उरकली, साचा भाजायला काकूंच्या हवाली केला आणि बस गाठली.

दसऱ्यानंतर मालकांनी मीटर लावलं. ओळीमागून ओळ गेली, काटा हलेना. शेवटच्या ओळीला मात्र असा धावत सुटला, की जणू त्यालाही धारला जायचं होतं.

"ये किसका हाथ है?"

दमट हवेचं एक सुंदर नाटक माझ्या ओठांवर तयार होतं. पण काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"माझा," मी म्हणालो.

बाकी साचा वाचला होता, म्हणून नोकरीही वाचली. फक्त उमेदवारी सहा महिने वाढली, काकूंच्या हाताखाली. पहिल्याच सकाळी त्यांनी माझी बोटं आपल्या नाकापाशी नेली.

"शेव. मीठ चारलंस माझ्या डायोडांना! जा, हात धू. आणि ती पुडी इकडे दे."