जांभळी पट्टी आणि तोंडाचा वास

मंडळी, भात-भाकरी सोडल्याचं आज फळ मिळालं. लघवीत बुडवलेली पट्टी जांभळी झाली. म्हणजे कीटोसिस, अंगातली चरबी जळायला लागली!

टेमघरला घरी धावत जाऊन आईला सांगितलं, तर ती मागेच सरकली. कीटोसिसमध्ये तोंडाला दारूसारखा वास येतो म्हणे.

"तू पन लागलास का प्यायला?"

"डाएटचा वास आहे गं, आई."

"तुझा बापूस पन औषदाचा वास हाय बोलायचा. असाच भाताचा ताट बाजूला सारायचा."

बाबा दारूनेच गेले. मी भात वाढून घेतला, सगळा संपवला. आई ताटाकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

कुणाला माहीत आहे का, हा वास घरातून जायला किती दिवस लागतात?