कमानीवरची कोरी जागा

आमच्या घरात देव्हारा नव्हता. धर्मांतरानंतर आजोबांनी देव ओढ्याला सोडले आणि त्या कोनाड्यात पुस्तकं आणि चळवळीची पत्रकं ठेवली. संध्याकाळी वडील एखादं पत्रक काढून मोठ्यानं वाचायचे. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली असायची, तरी भाकरी थापायच्या आधी ती ऐकत बसायची. वाचणं हीच आमच्या घरातली पूजा होती, आणि मला वाचता येत नव्हतं.

मी शाळेत गेलो नाही असं नाही. अक्षरं दिसायची, पण जागेवर थांबायची नाहीत. ओळीच्या मध्यापर्यंत पोचावं तर मागचं अक्षर दुसऱ्याच कुणासारखं झालेलं असायचं. गुरुजींनी आधी छड्या मारल्या. मग एक दिवस ते वर्गाला म्हणाले, "ह्यांच्या डोक्यात कितीबी ओता, खालून गळून जातंय." सगळे हसले. त्या 'ह्यांच्या'त आमची सगळी वस्ती होती. मी नापास व्हायचो तेव्हा एकटा नापास होत नव्हतो, हे मला त्या वयातही कळायचं. वडील म्हणायचे, "हट्टी हाय. मनावर घेत न्हाय." कारण त्यांनी एकदा वाचलेलं पत्रक मला शब्दन् शब्द पाठ व्हायचं. असलं डोकं असून वाचत नाही, म्हणजे हट्टच, असं त्यांना वाटायचं.

हेही मी बोलतोय आणि धाकटी बहीण लिहितेय.

हात मात्र चांगला होता. मी बोर्ड रंगवू लागलो. गिऱ्हाईक मजकूर तोंडी सांगायचं, बहीण तो कागदावर मोठा करून लिहायची आणि मी कागद उलटा धरायचो. उलट्या कागदावर अक्षर उरत नाही, नुसता आकार उरतो; इतकी काळी जागा, इतकी मोकळी. पत्राही उलटा ठेवून मी शेवटाकडून सुरुवातीकडे रंगवत यायचो. बघायला माणसं जमायची. खताची दुकानं, सोसायट्या, पिठाच्या गिरण्या, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या आमच्या वाशीत सगळीकडे माझे बोर्ड होते. त्यांतला एकही मला वाचता येत नव्हता.

दुष्काळ सरला आणि जो तो सहकाराचं बोलू लागला. आमच्याकडे दूध संघ निघाला. त्याच्यासाठी मी एक चिन्ह काढलं. दोनच रेघा, चरवीच्या तोंडाशी वाकलेलं वासरू. चेअरमननी ते लांब धरून पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं. म्हणाले, "डब्यावर, गाडीवर, भिंतीवर हेच. आन् काढणार तू. शीतकेंद्राच्या उद्घाटनाला जाहीर करतो, तू संघाचा पगारी पेंटर." आकार काढून जगता येईल, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा खरं वाटलं. नुसतं रंगवायचं नव्हतं मला. कुठलं अक्षर कुठं बसवायचं, किती जागा सोडायची, हे ठरवणारा माणूस व्हायचं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी फोन आला. ठरलेले पाहुणे येत नव्हते, दुसरेच पुढारी निघाले होते. आमच्या भागात स्वागताच्या कमानीवर दुसऱ्याचं नाव दिसलं तर पुढारी जीपमधून खाली उतरत नाही. कमानीचं कापड खाली काढलं. जुन्या नावावर मी पांढरा रंग दिला. बहीण परीक्षेसाठी उस्मानाबादला गेली होती.

"टाक नाव," चेअरमन म्हणाले.

"कागदावर लिहून द्या, साहेब."

"ह्यांचं नाव? अरे, शेंबडं पोरगं लिहील की!"

संघाचे सेक्रेटरी शेजारीच उभे होते. "बाप पत्रकं वाटतोय ह्याचा," ते म्हणाले. "ह्या पुढाऱ्याच्या विरोधात बी वाटलीत. मुद्दाम करतोय त्यो."

मी म्हणालो, "मला लिहिता येत नाही. वाचताही येत नाही."

"थट्टा करतोस व्हय? सगळ्या वाशीत तुझेच बोर्ड, आन् लिहिता येत न्हाय?"

पांढरा रंग वाळत होता आणि ब्रश माझ्या हातात होता. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो होतो, आणि तोच पुढाऱ्याचा अपमान ठरला होता. कुणीतरी माझ्या हातून ब्रश ओढून घेतला आणि नाव वेडंवाकडं खरडलं. जीप आली. हार झाले, भाषणं झाली. माझं नाव कुणी घेतलं नाही.

घरी पोचलो तर बातमी आधीच पोचलेली. वडिलांनी मला छातीशी धरलं. असं त्यांनी कधी केलेलं मला आठवत नाही. "नोकरी गेली तर जाऊ दे. वाकला न्हाईस."

"दादा, मला खरंच येत नाही. वाकायचा, न वाकायचा प्रश्नच नव्हता."

 त्यांनी कोनाड्याकडे बघितलं. हळूच म्हणाले, "हे भाईर बोलू नको."

मी बाहेरही बोललो. चळवळीतल्या पोरांना सांगितलं. ती हसली. "लाजू नको गड्या. आता तुझ्या नकारावर पत्रक काढतोय. वरचं मथळ्याचं अक्षर तूच काढ." मी नाही म्हणालो. माझ्यावर लादलेलं खोटं मी माझ्या हातानं सजवणार नव्हतो. ती चिडली आणि मथळा त्यांनीच काढला. जागेचं कसलंच भान नसलेला, अक्षरावर अक्षर चढलेलं.

संघाच्या गाड्यांवर माझं वासरू आजही पळतं. ते रंगवायला त्यांनी परंड्याचा पेंटर आणला. त्यानं वासराची मान जाड केली आहे. गाडी समोरून आली की मी खाली बघतो.

पत्रक घरी आलं त्या संध्याकाळी वडिलांनी ते नेहमीसारखं वाचायला घेतलं. ज्यानं नाव लिहायला नकार दिला त्या बहाद्दराची ओळ आली, तेव्हा ते वाचता वाचता थांबले. आईनं वर बघितलं. ते खाकरले आणि शेवटपर्यंत वाचलं. मग घडी घालून कोनाड्यात ठेवलं, बाकीच्यांच्या वर.

मला एकदा ऐकलं की पाठ होतं. तेही झालं.